एक्केचाळीस नॉटचा वारा

‘गो-अराउंड’ असं मी म्हणालो तेव्हा आमचं विमान जमिनीपासून तीनशे फुटांवर होतं आणि त्यात काहीएक बिघडलेलं नव्हतं.

बिघडलो होतो मी, उजव्या खुर्चीतला सहवैमानिक. आमच्या जेर्बा बेटावरची धावपट्टी पूर्व-पश्चिम, आणि शहीली हा आमच्याकडचा गरम वारा येतो सरळ दक्षिणेकडून, वाळवंटाची धूळ अंगावर घेऊन. वारा असा आडवा असला की विमान नाक वाऱ्याकडे वळवून खेकड्यासारखं तिरकं खाली येतं. धावपट्टी समोर न दिसता बाजूच्या काचेत दिसते, आणि चाकं टेकायच्या बेताला कॅप्टन पायाने नाक सरळ करतो. हे सगळं मला पाठ होतं. मेदनीनच्या शाळेत असल्यापासून माझं पाठांतर चांगलं. पण त्या दिवशी माझे डोळे पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर गेले. एक्केचाळीस नॉट. कंपनीची मर्यादा अडतीस. तो आकडा आम्ही होतो त्या उंचीवरच्या वाऱ्याचा होता. जमिनीवरचा वारा टॉवरने मिनिटभरापूर्वीच सांगितला होता: सत्तावीस, मध्येच चौतीसचा झोत. विमान जमिनीवर उतरतं, एवढी साधी गोष्ट मी नेमकी तेव्हा विसरलो.

आमच्या धंद्यात एक रिवाज आहे. दोघांपैकी कुणीही तो शब्द उच्चारला की दुसऱ्याने ‘का’ विचारायचं नाही, उतरणं सोडून वर जायचं. भांडण काय ते जमिनीवर. कॅप्टन खमैस बिन येदर, आम्हा सगळ्यांचे काका, यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. इंजिनं गरजली, नाक वर झालं, आणि त्यांची कॅप्टनची डावी खुर्ची तिथेच डळमळली. हे त्यांना ठाऊक होतं, आणि मलाही.

कारण महिनाभरापूर्वीच उड्डाणप्रमुख सी रऊफ (‘सी’ म्हणजे आमच्याकडे साहेब) यांनी सगळ्या वैमानिकांसमोर सांगून ठेवलं होतं की त्या हिवाळ्यात काकांनी दोनदा विमान जेर्बाला न उतरवता मोनास्तिरला नेलं, तिसऱ्यांदा नेलं तर कॅप्टनची खुर्ची विसरा. काका एकसष्ट वर्षांचे. पासष्टाव्या वर्षापर्यंत उडवायला मिळावं, एवढंच त्यांना हवं होतं. दुसरं त्यांना काही येतही नव्हतं. बेटावरच्या गल्लाला गावातल्या कुंभाराचा मुलगा, पण चाकावर बसवलं तर वाडगं वाकडं व्हायचं. वडील त्यांना भट्टीजवळ उभं करायचे आणि धुराकडे बघून विचारायचे, आज पेटवू की नको? चुकलं तर महिनाभराची मडकी तडकायची आणि खमैसच्या पाठीवर वळ उठायचे. वाऱ्याचं शिक्षण इतकं पक्कं मिळालेला माणूस आमच्या कंपनीत दुसरा नव्हता. म्हणूनच इतरांनी ‘जाऊ दे, बघू’ म्हटलं असतं तिथे ते मागे फिरायचे. आम्ही पोरं त्यांना ‘मोनास्तिरचे जावई’ म्हणायचो. ते नाव माझंच होतं, आणि मला त्याचा अभिमान होता.

वर गेल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, “काय बघितलंस?”

“एक्केचाळीस,” मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच मला कळलं. त्यांनाही कळलं. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. तपासणीची यादी मी उलटी धरली होती.

इंधन आणखी एका प्रयत्नापुरतं होतं. वाराही तसाच होता. मी म्हणालो, काका, पुन्हा जाऊ या, चूक माझी होती. ते म्हणाले, “असल्या वाऱ्यात दोन माणसं लागतात, पोरा. माझ्याकडे आत्ता दीडसुद्धा नाही.” आणि मोनास्तिरची वाट धरली.

दहा मिनिटांनी आमच्याच कंपनीचं मागचं विमान जेर्बाला उतरलं. त्या कॅप्टनने खाली पोचल्यावर रेडिओवर आमची चौकशी केली, फार गोडीने. आमच्या विमानात लग्नाचं अख्खं वऱ्हाड होतं. मोनास्तिरला जिन्यावरून उतरताना नवरदेवाची आई काकांसमोर थांबली आणि म्हणाली, “घाबरत असशील तर बस चालव, बाबा.” मागच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी काकांच्या मागे उभा होतो, टोपी हातात घेऊन, आणि सांगायला लाज वाटते, पण मलाही हसू आलं होतं.

अहवाल काकांनी लिहिला. चार ओळी. ‘वारा मर्यादेबाहेर जाईल असं वाटलं, निर्णय माझा.’ मी शेजारी बसून वाचला आणि खाली सही केली. चौकशीत सी रऊफ यांनी मला विचारलं, वर जायचा निर्णय कुणाचा? मी म्हणालो, “विमानातला निर्णय कॅप्टनचाच असतो, साहेब.” यात एकही शब्द खोटा नव्हता. सी रऊफ खूश झाले. म्हणाले, मेदनीनची मुलं सरळ असतात.

काकांना धीर सुटल्याचा शेरा मिळाला. उडवणं बंद, पण पगार चालू ठेवायचा म्हणून त्यांना जेर्बाच्याच विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या खिडकीत बसवलं. ज्या प्रवाशांना त्यांनी सव्वीस वर्षं जिवंत उतरवलं, ते आता बॅगेचं चाक तुटलं म्हणून त्यांच्यावर खेकसतात. कंपनीत कुणालाही यात क्रौर्य दिसलं नाही. सोयीचं आहे, असंच सगळे म्हणाले. घर जवळ, जेवायला घरी जाता येतं.

चार महिन्यांनी मी त्या खिडकीसमोरून जात होतो. त्यांनी हाक मारली. मी गणवेशात, ते स्वेटरमध्ये. म्हणाले, “अरे, तुला एक कॉफी देणं लागतो मी.”

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं की कॅप्टन झाल्यापासून त्यांचा नेम होता: शेजारच्या पोराने त्यांना वर जायला सांगितलं की खाली उतरल्यावर कॉफी. सव्वीस वर्षांत चौघांनीच तोंड उघडलं. तिघांना पाजून झाली होती.

“पण माझं चुकलं होतं, काका.”

“चूक-बरोबर बघून पाजायला लागलो तर पुढचा तोंडच उघडणार नाही.” मग जरा थांबून, फॉर्मवर शिक्का मारत म्हणाले, “तू चौकशीत काय बोललास ते वाचलं मी. ती जमिनीवरची गोष्ट. तिची कॉफी नसते.”

मी म्हणालो, वर जायला मीच सांगितलं होतं असं लिहून देतो. आज देतो. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, भट्टीच्या धुराकडे बघावं तसं, आणि म्हणाले, “नाही देणार तू.”

तेवढ्यात एक बाई मोडकी बॅग फरफटत आली आणि तिने ती त्यांच्या टेबलावर आपटली. काका म्हणाले, आता खिडकी सोडता येणार नाही, कॉफी पुढच्या खेपेला. मी बरं म्हणालो आणि निघालो.

त्यानंतर मी जेर्बाला अकरा वेळा उतरलो आहे. चार वेळा शहीलीत, आणि छान उतरलो. सी रऊफ मला पुढच्या वर्षी डावीकडे बसवणार म्हणतात. मी लिहून काही दिलेलं नाही. कॉफीही बाकी आहे. वैमानिकांना बाहेर पडायला मागचं एक दार आहे, त्या दाराने गेलं की सामानाची खिडकी लागत नाही.