रसवंतीतलं अनावश्यक पद

मनुष्यबळ व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी मला एका बैलामुळे मिळाली, हे मी आता कुणापासून लपवत नाही.

खरं तर त्रेचाळिसाव्या वर्षी माणसानं शिकायला जाऊच नये. मी गेलो, कारण नगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी अठरा वर्षं लोकांच्या हजेऱ्या लावत होतो, आणि साहेबांनी एक दिवस स्पष्टच सांगितलं की पदवी असेल तर ऑफिसर, नसेल तर निवृत्तीपर्यंत हजेरी. मग दोन वर्षं प्रत्येक रविवारी कॉलेज. शेजारच्या बाकावर बाविशीतली मुलं. ती मला 'सर' म्हणायची, माझ्या वहीतलं उतरवून घ्यायची आणि माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळवायची. मी जिथं टेकेन तिथं माझा डोळा लागायचा. 'कर्मचाऱ्यांची प्रेरणा' या विषयाच्या तासाला मी घोरलो, याचा व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर अजून आहे.

शेवटच्या सत्रात प्रकल्प होता. एखादी संस्था घ्यायची, तिथं काय चुकतंय ते शोधायचं आणि बदल करून दाखवायचा. माझ्या कारखान्यानं परवानगी नाकारली. (नकाराचं पत्र टाइप करायला माझ्याकडेच आलं. मी ते टाइप केलं, साहेबांची सही घेतली आणि स्वतःला पोच दिली!)

राहता राहिली घरची रसवंती. घोडेगावहून शनिशिंगणापूरला जाणाऱ्या रस्त्यावर आमची पत्र्याची शेड आहे. चार झोपाळे, मधोमध लाकडी चरक आणि तो फिरवणारा बैल. मनुष्यबळ मोजकंच. थोरला भाऊ, म्हणजे दादा, चरकापाशी बसून ऊस घालतो. वहिनी रस गाळतात, बर्फ-लिंबू बघतात आणि बाकी सगळ्यांवर नजर ठेवतात. गुलब्या हा बैल गोल फिरतो. आणि आमचे चुलते आबा, सत्तरी ओलांडलेले, रस्त्याच्या कडेला उभे राहून लाल उपरणं हलवत येणाऱ्या गाड्यांना हाका मारतात. "या, या, या! लाकडी चरकाचा रस, या!" वीस वर्षं हेच एक वाक्य, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत.

गाईड मॅडमनी विषय मंजूर केला, पण एक अट घातली. आदल्या वर्षी एका विद्यार्थ्यानं अस्तित्वातच नसलेल्या कंपनीचा अभ्यास केला होता, म्हणून जागा आणि तिथं केलेला बदल डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्या सही करणार नव्हत्या. शनिवारी अमावास्येला त्या दर्शनाला येणारच होत्या, तेव्हाच थांबणार होत्या. सही नाही तर पदवी नाही, आणि पदवी नाही तर पुन्हा माझं हजेरीचं रजिस्टर.

मी शास्त्रशुद्ध अभ्यास केला. घड्याळ, वही आणि छापील फॉर्म घेऊन रसवंतीत बसलो. सगळ्यांत वरचा शेरा मिळाला गुलब्याला. आबा भाकरी खायला बसले की हाही बरोबर थांबायचा, आणि आबा हात धुऊन रस्त्याला गेले की पुन्हा चालू. मी लिहिलं, 'वेळेचं भान: उत्कृष्ट.' मग गिऱ्हाइकांना फॉर्म दिले. आपण इथे का थांबलात? कुणी लिहिलं झोपाळा, कुणी सावली, कुणी पोरीला गाडी लागली म्हणून. एकानं उलट मलाच विचारलं, संडास कुठाय? आबांमुळे थांबलो असं एकानंही लिहिलं नाही. मी निष्कर्ष काढला की आबांचं पद अनावश्यक आहे. चौथ्या प्रकरणात तो ठळक अक्षरांत टाइप केला आणि प्रबंध मॅडमना मेल करून टाकला.

दादाला सांगितलं तेव्हा तो ऊस सोलता सोलता थांबला आणि हे आबांना कोण सांगणार म्हणाला. वहिनींनी सुचवलं, "भावजी, आमुशाची गर्दी सरू द्या, मंग काय करायचं ते करा की." पण मॅडम यायच्या आत बदल दिसायला हवा होता. शहाण्या बाईचं ऐकायचं नाही, हे कुठल्या प्रकरणात होतं कोण जाणे, मी मात्र ते पाळलं.

शुक्रवारी दिवस मावळल्यावर मी आबांना झोपाळ्यावर बसवलं आणि हातात रसाचा ग्लास दिला. (कर्मचाऱ्याला आधी मोकळं वाटू द्यावं, असं पुस्तकात आहे.) मग भूमिकेची पुनर्रचना, वयानुसार विश्रांती, घरच्यांचा आदर, असं बरंच बोललो. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी मी नको," ते म्हणाले.

"तसं नाही हो आबा."

"आरं सुन्या, सरळ बोल की. त्यासाटी रस कशाला पाजतो?"

त्यांनी ग्लास तसाच ठेवला, उपरण्याची घडी घातली आणि निघून गेले. मला वाईट वाटलं. खूपच वाईट वाटलं. तरी वहीत लिहिलं, 'कर्मचाऱ्यानं बदल शांतपणे स्वीकारला.'

शनिवारी सकाळपासून गाड्यांची रीघ. झोपाळे भरले. आबा समोरच्या चहाच्या टपरीवर आमच्याकडे पाठ करून बसले होते. दादानं गुलब्याला जुंपला. गुलब्या उभाच. दादानं चुचकारलं, पाठीवर थाप मारली. वहिनींनी गूळ दाखवला. गुलब्यानं गूळ खाल्ला आणि पुन्हा उभा राहिला. पोट गच्च झालं असेल म्हणून पोट चोळलं. मी कानाशी जाऊन "चल बाबा" म्हणालो, तर त्यानं मान वळवून माझ्याकडे असं बघितलं की मीच दोन पावलं मागं सरलो. तोवर गिऱ्हाइकं रस कुठं अडला म्हणून विचारायला लागली होती.

"मॅडम कधी यायच्यात?" दादानं विचारलं.

"कधीही येतील."

"मग घाल खांदा."

गुलब्याला सोडून बाजूला उभा केला, आणि मॅडमसाठी खास इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून मी चरकाच्या आडव्या लाकडाला छाती लावली. पहिल्या फेरीला वाटलं, जमतंय. तिसऱ्या फेरीला दोन वर्षांचे सगळे रविवार आठवले. पाचव्या फेरीला मला प्रेरणेचा एकही सिद्धांत आठवेना. वहिनी ग्लास भरता भरता म्हणाल्या, "भावजी, घुंगरं बांधू का? गिऱ्हाइकाला आवाज लागतो." त्या चेष्टा करत नव्हत्या, हेच वाईट!

एवढ्यात एक पांढरी गाडी आली. आमची पाटी वादळात पडली होती ती पडलेलीच होती, त्यामुळे गाडी हळू झाली आणि सरळ पुढं निघाली. टपरीवर आबांनी तोंड फिरवून बघितलं. वीस वर्षांची सवय ती, हात आपोआप वर गेला आणि घसा आपोआप उघडला.

"या, या, या! लाकडी चरकाचा रस, या!"

गाडीनं करकचून ब्रेक मारला. आणि माझ्या पाठीमागं घुंगरं वाजली.

गुलब्या निघाला होता. जुंपलेला नव्हता, तरी आपल्या रोजच्या रिंगणात, आपल्या रोजच्या चालीनं, आणि ती चाल माझ्यापेक्षा बरीच जास्त होती. मागोमाग दुसरी गाडी आली, आबांनी पुन्हा हाक मारली, गुलब्यानं पाऊल उचललं. त्याचा श्वास माझ्या मानेवर! मी लाकडासकट पळत सुटलो. दादा आतून ओरडत होता की ऊस संपला, थांब, पण थांबायचं माझ्या हातात कुठं होतं? या अवस्थेत गाईड मॅडम त्या पांढऱ्या गाडीतून उतरल्या.

आबा गप्प झाले आणि बैलही थांबला. दादाच्या हातातलं उसाचं कांडं खाली पडलं. त्यानं रस्त्यापलीकडं बघून आबांना पुन्हा हाक मारायची खूण केली. हाक आली, बैल चालला. हाक थांबली, बैल थांबला. वीस वर्षं आबा गाड्यांना बोलवत होते आणि गुलब्या, त्याच्या आधीचा बैलही बहुतेक, ते आपल्यासाठीच आहे असं धरून चालत होता. हे आम्हां कुणालाच माहीत नव्हतं. आबांनाही नव्हतं.

मॅडमनी शांतपणे रस प्यायला. मी घामानं निथळत, केवळ सवयीनं, त्यांच्यापुढं फॉर्म धरला. त्यांनी भरला. आपण इथे का थांबलात? 'रस्त्यावरच्या आजोबांनी बोलावलं म्हणून.'

"प्रबंधात अनावश्यक पद म्हटलंय, ते हेच का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"चौथं प्रकरण नव्यानं लिहा. आधी त्यांना परत आणा. मग सही."

मी रस्ता ओलांडून टपरीवर गेलो. आबांच्या पुढ्यात उभा राहून म्हणालो की माझं चुकलं, या परत. ते चहाच्या कपाकडंच बघत राहिले.

"वीस वर्सं झाली सुन्या. माज्याकडं कागुद न्हाई. म्हनून तुला वाटलं, उटवावं. आदी कागुद दे."

अठरा वर्षं टाइम ऑफिसात काढली, कंत्राटी पोरांना, बदली कामगारांना, महिन्याभराच्या शिकाऊंना मी नेमणुकीची पत्रं टाइप करून दिली होती. ज्यांच्या हाकेवर आमचं घर चाललं, त्यांना द्यायचं कधी मनातही आलं नव्हतं. मी तिथंच बाकड्यावर बसलो आणि फॉर्मच्या पाठीमागं लिहायला लागलो. आबा सांगत गेले. काम: हाक मारणं. वेळ: आबांच्या मनावर. पदावरून काढणं: कुणालाही अधिकार नाही.

"हाताखाली कोण?" मी विचारलं. तसा रकाना असतो.

आबांनी पलीकडच्या रिंगणाकडं बघितलं, माझ्या शर्टाकडं बघितलं आणि आज पहिल्यांदा हसले.

"एक बैल. आन् बैल आडला तर पुतन्या."

मी लिहिलं आणि खाली सही केली. चौथं प्रकरण नव्यानं लिहून दिल्यावर मॅडमनीही प्रबंधावर केली.

आता मी ऑफिसर आहे. टेबलावर नावाची पाटी आहे, हजेरीचं रजिस्टर दुसऱ्याकडं गेलंय. पण आबांनी ते पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शेडमध्ये टांगलंय, आणि गुलब्या जरा लंगडला की त्यांचा फोन येतो. मी रजा टाकतो, 'कौटुंबिक कारण' लिहितो आणि घोडेगावची एसटी पकडतो. अठरा वर्षं मी जगाच्या हजेऱ्या लावल्या. माझी आता आबा लावतात, आणि पोचायला उशीर झाला तर अर्धाच दिवस धरतात.