खाटेवरून दिसणारं आभाळ

त्या सांजेले मी आन् माही बायको ओसरीवर बसून फाटलं जाळं विणत होतो. रातीच तिले ताप भरला. उजाडताच गावातल्या चौघांनी तिची खाट खांद्यावर घेतली आन् आम्ही जंगलातून वडशाच्या दवाखान्याकडे निघालो. वाटेनं मले मागच्या साली आमच्या गावात येऊन राह्यलेला नागपूरचा पोरगा आठवला.

दूरच्या जंगली मुलखात सरकारनं कारभार कसा करावा, हे तो एम. ए. ले शिकत होता. नाव मी कधी इचारलं नाई. बोलताना तो चष्मा काढून हातात धरे आन् झाडांकडे पाहात राहे. एक दिवस म्हणाला, "भाऊ, मला आजाऱ्यासारखं खाटेवर घालून दवाखान्यात न्या."

बायको खवळली. "बाबू, चांगल्याभल्या माणसाले खाटेवर कोण उचलते? अक्कल कालेजात ठेवून आला का?"

तरी आम्ही नेलं. नदीवर तो खाली उतरला. मग म्हणाला, "भाऊ, खाटेवरून वाट दिसतच नाही. नुसतं आभाळ सरकतं. एखादं ओळखीचं तोंड दिसायला पाहिजे होतं."

"हे सरकारले सांगजो," मी म्हणलो.

म्हणून बायकोच्या बारीले मी खाट उचलली नाई. बाजूनं, तिच्यावर वाकून चाललो. वर सागाची पानं सरकत होती, मंधात माहं तोंड. ती हसली. "बुढ्या, समोर पाह, पडशील."

नदी यायच्या आधीच ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात त्याच खाटेवर उताणा पडलो. लय वेळ पाह्यलं. आभाळ जागचं हललं नाई.