तीन आठवडे आधीचा कंदील

मी वाचलेला पहिला शब्द ‘निषेध’ होता. ‘आई’ नंतर आला. पप्पा पत्रकं लिहायचे, छापून आणायचे आणि पलंगाखाली गठ्ठे लावून ठेवायचे. त्या गठ्ठ्यांवर बसून मी अक्षरं शिकले. पाणी, रस्ता, रेशन, शाळेची गळकी खोली, सगळ्यावर आमच्या घरातून पत्रक निघालेलं आहे. पप्पांचा नियम एकच. ज्याच्याविषयी लिहायचं, त्याच्यासमोर उभं राहून ते मोठ्यानं वाचता आलं पाहिजे. येत नसेल तर लिहायचं नाही.

पाथर्डीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा फळा आहे. हल्ली फळ्याच्या धुळीनं त्यांना खोकला येतो, म्हणून खडू माझ्याकडे आला.

त्या वर्षी गणपती बसायच्या आधीच बाजारपेठेतल्या एका कापडाच्या दुकानावर दिवाळीचे कंदील लटकले. प्लास्टिकचे, पावसात निथळणारे. मी दुकानदाराला विचारलं, हे काय चाललंय? तो शांतपणे म्हणाला, “ताई, लवकर लावला की गिऱ्हाईक लवकर येतं.” त्यानं निदान काही कारण तरी रचून सांगायला हवं होतं. सणाआधी सण विकायचा आणि तोंडावर कबूलही करायचं, याचा मला इतका धक्का बसला की मी घरी येऊन शपथच घेतली. ऑक्टोबर उजाडला की दिवाळी येईपर्यंत फळ्यावर असे दिवस लिहायचे, ज्यांचा कंदील कुणी विकत नाही. नुसते लिहायचे नाहीत, साजरे करायचे.

टपाल दिनाला पोस्टमनकाकांना झेंडूचा हार घातला. ते गाडीवरून उतरेचनात. “रिटायर झालो काय मी? मला कुनी कळवलंच न्हाई.” हात धुण्याचा जागतिक दिवस आला, तेव्हा साबणाच्या वड्या कापून हापशावर ठेवल्या. पोरांची रांग लागली. शेजारचे आजोबा काठी टेकून बघत होते. “आमी रोज धुतो,” ते म्हणाले, “तुमाला आज आठवलं व्हय?” गल्ली हसली, मीही हसले. आपलं जमतंय असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीच्या शेवटच्या घरावर कंदील दिसला.

कागदी होता, घरी केलेला, एका बाजूला कललेला. दारात रांगोळी, उंबऱ्यावर दोन पणत्या. तेलाचा वास येत होता, आत काहीतरी तळलं जात होतं. दिवाळीला तीन आठवडे होते. ते कुटुंब उन्हाळ्यातच राहायला आलं होतं. नवरा-बायको, आठेक वर्षांची मुलगी आणि म्हातारी. मजुरीला जातात, एवढंच मला माहीत होतं. आमच्या घरी दिवाळी नसते, चौदा एप्रिलची जयंती असते. त्यामुळे कोण कधी आणि का दिवा लावतं, हे मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

बाजार आमच्या शेवटच्या पत्र्याच्या घरापर्यंत पोचला, हेच मला सहन झालं नाही. मी तशीच मागे फिरले आणि फळ्यावर लिहिलं :

‘गल्लीच्या शेवटच्या घरी दिवाळी तीन आठवडे आधी आली आहे. दुकानदाराने शीळ घातली आणि आपण धावलो. ज्यांना स्वतःचं कॅलेंडर नाही, त्यांचे सण दुसरेच ठरवतात.’

शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं.

सकाळी कंदील नव्हता. रांगोळीवर पाणी टाकलेलं होतं. माझ्या लिहिण्यानं एका रात्रीत काही बदलल्याची ही पहिलीच वेळ. मी पळत जाऊन पप्पांना सांगितलं. ते दाढी करत होते.

“वाचून दाखवलंस त्यांना?”

“सगळ्यांनी वाचलंच की, पप्पा.”

त्यांनी वस्तरा खाली ठेवला.

नवा दिवस लिहायला फळ्याशी गेले, तर त्या घरातली म्हातारी तिथे उभी होती. मला म्हणाली, “बाई, तुला येतंय ना वाचाया? काय लिव्हलंय त्ये वाच.”

हे मी लिहिलंय हे तिला माहीत होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. मी वाचायला लागले. ‘शीळ’ हा शब्द मी घाईत उरकला. शेवटचं वाक्य तर मी पुटपुटलेच.

“मोठ्यानं म्हन. कमी ऐकू येतं मला.”

मी मोठ्यानं म्हटलं.

तिनं मान हलवली. “कॅलेंडर हाय की आमाला. मुकादमाचं. उद्या पहाटं ट्रॅक्टर यायचाय. ल्योक अन् सून ऊस तोडाया चालली, श्रीगोंद्याकडच्या कारखान्यावर. दिवाळीला त्येंचा मुक्काम उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत. पोरगी शाळेपायी माझ्यापाशी. म्हनून जायच्या आधीच करतो आमी. दरसाल करतो.”

मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, “मग कंदील का उतरवला?”

“पोरीनं उतरवला. तिनंच पहिलं वाचलं. आईला म्हनली, लोकं हसत्यात.”

ज्या मुलीला मी कालच्या आदल्या दिवशी साबण दिला होता, ती हीच. तिनं फळ्यावरचं दिवसाचं नाव घडाघडा वाचलं, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

मी तडक त्यांच्या घरी गेले. मुलीची आई, वहिनी, पिठाच्या पिशव्या बांधत होती, कोयते गोणपाटात गुंडाळून भिंतीशी ठेवलेले. मुलगी कोपऱ्यात बसून होती, माझ्याकडे बघत नव्हती. मी म्हटलं, “माझं चुकलं. मला माहीत नव्हतं.”

“इचारायचं हुतं,” वहिनी म्हणाली. हात थांबले नाहीत. “दार तर उघडंच हुतं.”

“कंदील लावू या ना परत.”

“काढताना फाटला.”

मग तिनंच विचारलं, “तुमच्या त्या दिवसांच्यात ऊस तोडनाऱ्याचा हाय का एखादा?”

मी यादी मनात वरपासून खालपर्यंत फिरवली. टपालाचा होता, हातांचा होता, पुढे बचतीचाही होता. “नाही,” म्हटलं.

“मंग बसा. करंजी खा.”

मी बसले आणि करंजी खाल्ली.

घरी येऊन मी पप्पांना सगळं सांगितलं. संध्याकाळी त्यांनी ट्रंकेतून जयंतीची निळ्या दिव्यांची माळ काढली आणि माझ्या हातात दिली. मी स्टुलावर चढून ती त्या घराच्या पत्र्याला बांधली. खालून मुलगी पहिल्यांदाच बोलली, “ही तर जयंतीची हाय.”

“उजेड पडतोय ना,” तिची आई म्हणाली, “मंग झालं.”

फळ्यावरचं खोडायचं नाही, असं पप्पा मला दुपारीच बजावून गेले होते. खोडलं की लिहिणारा सुटतो, चूक खाली लिहून कबूल करायची. मी लिहायला गेले तर मुलगी मागे आली आणि फ्रॉकच्या टोकानं माझी तिन्ही वाक्यं पुसायला लागली. पप्पा बाजूलाच उभे होते. त्यांनी तिला अडवलं नाही. तिनं हात पुढे केला, मी खडू दिला. तिनं लिहिलं, ‘आज आमची दिवाळी आहे.’ मग थोडा विचार करून खाली, ‘करंज्या आहेत.’

लोक आले. शेजारचे आजोबा दोनदा आले.

पहाटे ट्रॅक्टर गेला. मुलगी फळ्यापर्यंत त्याच्यामागे चालत आली आणि तिथून परत फिरली. त्या दिवशी जगात कुठला दिन होता, मी पाहिलंच नाही.

तीन आठवड्यांनी गल्लीभर कंदील लागले, फक्त शेवटच्या घरावर नव्हता. मी माळ घेऊन गेले, तर म्हातारी मुलीची वेणी घालत होती.

“ऱ्हाऊ दे बाई,” ती म्हणाली. “आमची झाली.”