गुळगुळीत पुरवणीवर बदकाचं पिल्लू

रविवारी दुपारी आमच्याच इमारतीतल्या एका वाढदिवसाहून माझी आठ वर्षांची मुलगी घरी आली, तेव्हा तिच्या हातात रिटर्न गिफ्टचा पुठ्ठ्याचा डबा होता. डब्याला रिबिनीची कडी आणि बाजूला पेन्सिलीने पाडलेली चार भोकं. आत बदकाचं पिल्लू होतं, गुलाबी रंगवलेलं. तेरा मुलं आली होती, तेरा डबे वाटले गेले. काही पिल्लं हिरवी होती, काही निळी.

पिल्लं दोन-तीन दिवसांची असावीत. त्यांना खायला काय द्यायचं, ऊब किती लागते, यातलं काहीही डब्यावर लिहिलेलं नव्हतं. सोनेरी शाईत 'थँक यू फॉर कमिंग' एवढंच लिहिलं होतं.

सोमवारी संध्याकाळपर्यंत आमच्याकडे आणखी दोन डबे आले, एक निळ्या पिल्लाचा, एक हिरव्या. दोन्ही वेळा दारात तेच वाक्य ऐकलं: "तुमच्याकडे आजी असतात ना दिवसभर घरी." घरात म्हातारं माणूस असणं म्हणजे जणू नगरपालिकेची सोय. सासूबाईंनी डबे घेतले, दार लावलं आणि तंजावरकडच्या त्यांच्या जुन्या मराठीत म्हणाल्या, "मजला कुणी विचारलं नाही. वात्तूस तर मुळीच नाही." वात्तू म्हणजे तमिळमध्ये बदक. आमच्या घरात दर वाक्याला एक शब्द तमिळ असतो.

मी एका इंग्रजी दैनिकात एकोणीस वर्षं उपसंपादक आहे. आमच्या घरात कागदाला तोटा नाही. बाल्कनीतल्या प्लास्टिकच्या टबात मी आधी साधं वर्तमानपत्र अंथरलं. ते तासाभरात भिजून फाटलं. मग रविवारची पुरवणी घातली. तिचा कागद जाड, गुळगुळीत, पाणी न शोषणारा. दिवसातून दोनदा बदलत होते. टब इतका स्वच्छ की मी त्याचा फोटो काढून ठेवला. सासूबाई मऊ भात कालवून देत होत्या. पिल्लं खात होती. सगळं व्यवस्थित चाललंय अशी माझी समजूत होती.

बुधवारी सकाळी गुलाबी पिल्लू उठलं नाही. त्याचे दोन्ही पाय दोन बाजूंना फाकले होते, उघडलेल्या कर्कटकासारखे. पोटावर घसटत ते पाण्याच्या वाटीकडे जात होतं आणि बाकीची दोन त्याच्या अंगावरून चालत होती. निळ्याचंही काहीतरी बिघडलं होतं. त्याचे घोटे सुजले होते आणि ते दोन पावलं टाकून मटकन खाली बसत होतं. हिरवं तेवढं ठीक दिसत होतं.

मुलीने एकच प्रश्न विचारला, "ते चालेल ना?"

मी शाळेला उशीर होतोय असं सांगितलं.

प्राण्यांच्या दवाखान्यात माझ्या आधी एक लॅब्रेडॉर आणि एक पर्शियन मांजर होतं. दोघांची फाईल होती. डॉक्टरांनी पिल्लाला हात लावला नाही. टेबलावरच्या डब्यात दुरूनच पाहिलं.

"मॅडम, याला काय करणार? इंजेक्शन देऊन संपवू. नाहीतर राहू द्या, आपोआप होईल."

"काय आपोआप होईल?"

"जे व्हायचं ते." मग ते हसले. "नवीन आणा की. बाजारात टोपलीभर मिळतात. मुलीला कळणारही नाही."

मी विचारलं की आधीच्या लॅब्रेडॉरच्या मालकांनाही हाच सल्ला दिला होता का. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाहेरच्या बाकावर एक बाई टोपलीत कोंबडा घेऊन बसली होती. साठीच्या पुढची, पायात चप्पल नाही. शहराबाहेर तांबरमच्या पलीकडे तळ्याकाठी तिची बदकं होती, हे तिनेच सांगितलं. तिने न विचारता माझ्या डब्यात हात घातला, पिल्लू उलटं केलं, पाय जवळ आणले आणि सोडले. ते पुन्हा फाकले.

"खाली काय घालतेस?"

"कागद," मी म्हणाले. "रोज दोनदा बदलते."

"कसला कागद?"

मी बॅगेतली पुरवणी काढून दाखवली. तिने कागदावरून अंगठा फिरवला आणि शेजारी औषधासाठी थांबलेल्या मांजरवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "बघा हो! पिल्लाला आरशावर नाचवते आणि पाय मोडले म्हणून डॉक्टरकडे आणते. अम्मा, तू स्वतः चालून दाखव बघू यावर, तळव्यांना तेल लावून."

मांजरवाला हसला. मी हसले नाही, पण ती म्हणत होती ते मुद्द्याला धरून होतं. पिल्लाचे पाय घसरतात, घसरताना बाजूला जातात, आणि कोवळे सांधे तसेच घट्ट होत जातात. तिने सांगितलं: आजच्या आज गोणपाट अंथर. दोन्ही पायांना मऊ पट्टी बांध, मध्ये दोन बोटांचं अंतर ठेव, म्हणजे उभं राहता येईल पण फाकता येणार नाही. रोज सोडून बघ, पाय सुजला तर सैल कर. कोमट पाण्यात थोडा वेळ पोहू दे, पाय मारू दे. समोर बसून राहा, सोडून जाऊ नकोस, आणि लगेच पुसून कोरडं कर.

"आणि खायला?"

"भात," मी म्हणाले.

"नुसता?" तिने कपाळावर हात मारून घेतला. "भातावर पाय धरत नाहीत."

बातमी एका माणसाच्या सांगण्यावर छापायची नाही, असं आम्हाला शिकवलंय. दुपारी मी कुक्कुटपालन शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना फोन केला. त्यांनी बाईचं प्रत्येक वाक्य खरं ठरवलं. बदकाच्या पिल्लाला नियासिन नावाचं जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं, ते नसलं की घोटे सुजतात, पाय वाकतात. साध्या भातात ते पुरेसं नसतं. पिल्लांचं खाद्य आणा, त्यात यीस्टची पूड मिसळा. "पण पहिले दिवस महत्त्वाचे," ते म्हणाले. "तुम्ही उशीर केलाय."

सासूबाईंनी यीस्टचा डबा उघडून वास घेतला. या घराच्या उंबऱ्याच्या आत कधी अंडंही आलेलं नाही.

"हे कशाचं?"

"आंबवण्यासाठी वापरतात ते."

"मग माझ्या इडलीच्या पिठात काय वाईट होतं?" असं म्हणून त्यांनी पूड मोजून खाद्यात कालवली आणि आपल्या जुन्या नऊवारीचा काठ फाडून दिला. पट्टी त्याचीच बांधली. पिल्लाचा पाय माझ्या करंगळीहून बारीक होता. बांधताना ते ओरडलं नाही. पहिल्या पोहण्यात पाणी गुलाबी झालं.

निळं पिल्लू शुक्रवारी सकाळी मेलं.

त्याच दिवशी मी बाकीच्या दारांवर जाऊन विचारलं. तेरापैकी दहा पिल्लं आमच्याकडे आलेली नव्हती. सहा मेली होती. एक मांजराने नेलं. दोन तळ्यात सोडली, पोहता येत असेल या भरवशावर. एक 'गावी पाठवलं'. कोणत्या गावी, ते घरातल्या कुणालाच सांगता आलं नाही.

शेवटी ज्यांच्याकडे वाढदिवस होता त्या घरी गेले. त्या बाईंनी मला बसवलं, कॉफी विचारली.

"मॅडम, मुलं किती खूश झाली होती! केक सोडून सगळी पिल्लांमागे."

मी सहा हा आकडा सांगितला.

"अय्यो," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "पण आयडिया माझी नव्हती हं. तुमच्याच पेपरात होती."

ऑफिसात जाऊन मी जुने अंक काढले. पान सापडलं. वेगळ्या रिटर्न गिफ्टच्या दहा कल्पना. सातव्या क्रमांकावर रंगीत पिल्लं, 'मुलांना जबाबदारी शिकवण्यासाठी'. पान तपासलं म्हणून ऑफिसच्या प्रतीवर खाली माझी आद्याक्षरं होती. मला ते पान आठवलं. मथळा ओळीत मावत नव्हता, मी त्यातला एक शब्द कापला होता. मंत्र्याच्या नावातलं एक अक्षर नक्की करायला मी तीन फोन करते. सातव्या क्रमांकाला मी एकही केला नव्हता. तीच पुरवणी, तोच कागद, मी टबात अंथरत होते.

मी दुरुस्ती लिहून पुरवणीच्या संपादकांकडे नेली. चार ओळी होत्या.

"दुरुस्ती चूक झाली तर छापतात," त्या म्हणाल्या. "ही सूचना होती."

"लोकांनी ती पाळली."

"म्हणजे लोक पुरवणी वाचतात म्हणायचं!" टेबलाभोवतीचे सगळे हसले. "तुमचं पिल्लू चालायला लागलं तर सांगा, छोटा फोटो घेऊ. अजून गुलाबी आहे ना?"

चार ओळी छापल्या गेल्या नाहीत. त्या मी इमारतीच्या लिफ्टमध्ये लावल्या, माझ्या नावासकट. दुसऱ्या दिवशी कुणीतरी काढल्या. मी पुन्हा लावल्या.

पुढच्या सोमवारी दुपारी पट्टी कायमची सोडली. मुलगी, सासूबाई आणि मी बाल्कनीत जमिनीवर बसलो होतो. पिल्लू थोडा वेळ तसंच बसून राहिलं. मग उठलं. डावा पाय किंचित बाहेर वळलेला होता, पण अंगाखाली होता. एक पाऊल, दुसरं, तिसरं. पडलं. सासूबाई म्हणाल्या, "हात लावू नका कुणी." ते आपलं आपण उठलं आणि हिरव्याच्या मागे गोणपाटाच्या कडेपर्यंत चालत गेलं.

तिथे थांबलं. पुढे फरशी होती. हिरवं तिच्यावरून पुढे गेलं, हे गेलं नाही. एक पाय उचलला, फरशीला टेकवला, पुन्हा मागे घेतला.

मुलगी आत जाऊन दुसरं गोणपाट घेऊन आली आणि पहिल्याला लावून अंथरलं.