दुसरी लाल गाडी

धाकटी डहाणूला खाडीकाठी होड्या बांधणाऱ्या सुदामची नजर पक्की. फळी कुठे अर्धं बोट जास्त आली, ते तो पट्टी न लावता सांगायचा. म्हणूनच त्याचा शाळेपासूनचा दोस्त, चिकूवाडीवाला दीपेश, त्याला आपल्या आजोबांची लाल स्पोर्ट्स कार दाखवायला घेऊन गेला. इटलीतल्या एका कारागिराने साठ वर्षांपूर्वी एकाच गिऱ्हाइकासाठी हातोडीने ठोकून घडवलेली. तसली दुसरी जगात नव्हती.

"खाऱ्या हवेने पत्रा खाल्लाय. नवा ठोकायला आख्ख्या गाडीचा लाकडी साचा करून दे," दीपेश म्हणाला. "काम झालं की साचा जाळून टाकू. हिची नक्कल निघता कामा नये."

चार महिने सुदाम त्या गाडीवरून हात फिरवत राहिला. उजवा मडगार्ड डाव्यापेक्षा बोटभर उंच निघाला, तेव्हा तो एकटाच हसला. त्याच्याही होड्यांची उजवी बाजू अशीच चढायची. ती चूक त्याने साच्यात जशीच्या तशी ठेवली. दीपेशने मोबाईल समोर धरला, तर सुदाम बोलून गेला, "अशी गाडी एकच. पुन्हा होणे नाही."

पुढच्या वर्षी तो तलासरीला लाकूड बघायला गेला. हायवेलगतच्या एका शेडचं शटर अर्धं उघडं होतं. आत दोन लाल गाड्या, आणि शेजारी त्याचा साचा, न जाळलेला. सुदामने दोन्ही गाड्या चाचपल्या. आजोबांची कुठली, ते त्याच्या हाताला कळेना.

आतून दीपेश आला. चपापला, मग हसला. "एक गिऱ्हाईक दुबईचं, एक बंगलोरचं. दोघांनाही तुझाच व्हिडिओ दाखवला. तुझ्यावर लगेच विश्वास बसतो रे लोकांचा."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू साचा केला असतास?"

सुदाम बसमध्ये चढला. घरी येऊन बायकोच्या, लाडकीच्या हातात त्याने मोबाईल दिला आणि तिच्यासमोर उभा राहिला. "मी सुदाम. साचा माझा. गाड्या दोन आहेत."

तो व्हिडिओ फिरत फिरत दुबईपर्यंत गेला. दोन्ही सौदे मोडले. दोस्ताच्या पोटावर पाय दिला, असं बंदरावर लोक तोंडावर बोलले. सुदामने ऐकून घेतलं. दीपेश बाजारात दिसला की सुदाम आता रस्ता बदलतो.

"एकदा फोन तरी करा त्याला," परवा लाडकी म्हणाली.

"उचलेल तो. गोडही बोलेल," सुदाम म्हणाला. "पण खरं बोलतोय की नाही, ते मला कसं कळायचं?"