रामाच्या पाठीवरचा मासा

आमच्या देवघरातला राम माझ्या सासऱ्यांच्या आजोबांनी काढलेला आहे. गिरगावातल्या आमच्या खोलीत आलेल्या प्रत्येकाला मी हे ऐकवलं आहे, कोणी विचारो न विचारो.

परवा त्याची काच तडकली, म्हणून फ्रेमवाल्याकडे नेला. त्याने मागचा पुठ्ठा काढला आणि ओरडला, "आजी, देवाच्या पाठीवर मासा!"

कागद एकच. पुढे राम, मागे मासा. एकेक खवला वेगळा काढलेला, पोटावर रुपेरी झाक, खाली इंग्रजी अक्षरं. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वाकून बघू लागली.

"आमचा नाही तो," मी म्हणाले. "आम्ही मासे खात नाही."

"नका खाऊ. आमच्या वरळी कोळीवाड्यात असता तर हाच पुढे लावला असता."

सगळे हसले. मी नाही, कारण मला ठाऊक होतं. लग्नानंतर सासूबाईंनी एकदाच सांगितलं होतं. हे आजोबा एका गोऱ्या साहेबाच्या पुस्तकासाठी नदीतल्या माशांची चित्रं काढायचे. मासा मेला की रंग उतरतो, म्हणून वाढलेलं ताट तसंच ठेवून आधी चित्र पुरं करायचे. घरच्यांना त्याचा विटाळ. आंघोळ केल्याशिवाय त्यांना आत घेत नसत, पान गॅलरीत वाढत. शेवटी त्यांनी काम सोडलं आणि घरात उरलेल्या एका चित्राच्या मागे राम काढला. "माशांचं कुणाला सांगू नकोस," सासूबाई म्हणाल्या. नाही सांगितलं. मासा मात्र मी त्या दुकानातच पहिल्यांदा पाहिला. राम बरा आहे. मासा त्याहून चांगला आहे.

फ्रेमवाल्याने पुठ्ठ्यावर लिहायला पेन्सिल घेतली. "आडनाव?"

सांगितलं. लिहिता लिहिता तो थांबला. माशाच्या शेपटीखाली बारीक मराठी अक्षरांत तेच आडनाव होतं. त्याने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पेन्सिल कानावर ठेवली. हसला असता तर बरं झालं असतं.

"आमचाच आहे," मी म्हणाले.

"कळलं, आजी. कुठली बाजू पुढे घेऊ?"

गौरीला नणंदा येतात. देवघरात मासा दिसला तर घरातलं पाणी प्यायच्या नाहीत.

"होती तीच," मी म्हणाले. त्याने खिळे ठोकले.

काल एका पाहुण्याने रामाकडे बघून विचारलं, "कोणी काढलाय हो? काय हात आहे!"

"जुना आहे," मी म्हणाले आणि चहा टाकायला उठले.