काळी करून घेतलेली डायल

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही: या जगात मी एकाच माणसाला घाबरतो, आणि तो माणूस म्हणजे माझे घाटकोपरचे साडू.

साडू भेटले की आधी मनगट बघतात, तब्येत मागाहून विचारतात. जुनं घड्याळ दिसलं की हात धरलाच! एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी नवरदेवाचं मनगट वळवलं आणि ते घड्याळ देणाऱ्या सासऱ्यांदेखत म्हणाले, "घड्याळ साठ वर्षांचं, पण डायल परवाच रंगवलेली. फसवलं हो तुम्हाला!" सासरे पांढरेफटक, अंतरपाटामागे नवरी खुदकन हसली. खिशात सदैव भिंग आणि एक बोथट सुरी. झाकण उघडायचं, यंत्रावरचा नंबर वाचायचा, कारागिरांनी आत कोरलेल्या दुरुस्तीच्या तारखा पुटपुटायच्या, साल जाहीर करायचं आणि झाकणाच्या आतून सुईने आपली एक बारीकशी चांदणी कोरायची. "आपण तपासलंय हे पुढच्याला कळायला नको?"

आमच्या अप्पांचं घड्याळही त्यांनी असंच तपासलं होतं, हे मी साफ विसरलो. अप्पांनी ते ताईला द्यायचं ठरवलं होतं. तिलाच का, मला का नाही, एवढ्याच रागाने अप्पा गेले त्या आठवड्यात मी ते उचललं. आळ आला अप्पांचं सगळं करायला मरोळहून येणाऱ्या कामाच्या मावशींवर. ताईने त्यांना हाकललं. मी गप्प बसलो. पुढे पांढरी डायल काळी करून घेतली, पट्टा बदलला आणि खुशाल मिरवू लागलो.

मुलुंडला आमच्या वास्तुशांतीच्या पंगतीत साडूंनी माझं मनगट धरलं. "काय रे, कुठून मारलंस?"

"चोरबाजारातून," मी म्हणालो.

त्यांनी सुरी काढली. ताई समोरच श्रीखंड वाढत होती. झाकण उघडलं, भिंग डोळ्याला लागलं आणि साडू तसेच थिजले.

"अहो भाऊजी, साल सांगा ना!" ताई म्हणाली.

"नाही सांगता येत."

हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलेच नव्हते.

निघताना चपला घालता घालता ते हळूच म्हणाले, "चांदणी माझीच आहे रे, नंबरही अप्पांच्याच घड्याळाचा. त्या मावशींचं काय?"

पाच वर्षं झाली. आता त्यांचे हात थरथरतात, सुरी मेहुणीने काढून घेतलीय. मी गेलो की शेजारी सरकून जागा देतात, चहा सांगतात आणि वाट बघत बसतात. पुन्हा विचारत मात्र नाहीत.

मरोळला जाऊन, ताईच्या देखत, "मावशी, घड्याळ मी घेतलं होतं," एवढं म्हणणं माझ्याकडून अजून राहिलं आहे.